विश्लेषण : ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधला महाकाय लांडगा खरेच परत आला आहे का?

बर्फाच्या अजस्र भिंतीपलीकडे राहणारा, लहान घोड्याएवढा, आपल्या माणसासाठी कोणाचाही नरडा फोडणारा लांडगा ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेमुळे जगभर घराघरांत पोहोचला. या ‘डायर वूल्फ’ची कल्पना मात्र निव्वळ लेखकाच्या डोक्यातून आलेली नाही. याच नावाचा लांडगा अमेरिकेत खरोखर होता आणि सुमारे तेरा ते दहा हजार वर्षांपूर्वी तो नामशेष झाला. एप्रिल २०२५मध्ये अमेरिकेतल्या एका कंपनीने तो पुन्हा जन्माला घातल्याचा दावा केला आणि तीन पांढऱ्या पिल्लांची छायाचित्रे जगभर फिरली. कथेतला डायर वूल्फ कसा आहे, इतिहासातला कसा होता आणि टेक्सासमधल्या कंपनीने जन्माला घातलेली पिल्ले नेमकी कोण आहेत? या प्रश्नांशी जिवंत लांडग्यांच्या संरक्षणाचा काय संबंध आहे?

कथेतला डायर वूल्फ कसा आहे?

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ ही कादंबरी १९९६मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यावर आधारित मालिका २०११ ते २०१९ या काळात ‘एचबीओ’वर दाखवली गेली. वेस्टेरॉस या काल्पनिक खंडाच्या उत्तरेवर स्टार्क घराण्याची सत्ता आहे आणि त्यांच्या निशाणावर डायर वूल्फ आहे. पण निशाणावरचा हा प्राणी प्रत्यक्षात कोणी पाहिलेला नाही. भिंतीच्या दक्षिणेला तो दोनशे वर्षांत दिसलेला नाही, असे कथेतच सांगितले जाते. म्हणजे कथा सुरू होते तेव्हाच तो त्या प्रदेशातून स्थानिक पातळीवर नाहीसा झालेला आहे.

मग एके दिवशी बर्फात एक मेलेली मादी सापडते. तिच्या गळ्यात सांबरासारख्या प्राण्याच्या शिंगाचा तुकडा रुतलेला असतो आणि शेजारी सहा पिल्ले असतात. स्टार्क घरातली मुलेही सहाच. प्रत्येकाच्या वाट्याला एक पिल्लू येते : रॉबला ग्रे विंड, सान्साला लेडी, आर्याला निमेरिया, ब्रानला समर, रिकनला शॅगीडॉग आणि जॉन स्नोला घोस्ट. घोस्ट पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा आणि जवळपास आवाजच न करणारा आहे.

मार्टिन यांनी या प्राण्याचे वर्णन करताना निसर्गातल्या लांडग्याचे बरेच गुण जपले आहेत. तो कळपाने राहतो, माणसाच्या आधी वास ओळखतो, पाळला तरी पूर्ण माणसाळत नाही. आर्याने हाकलून दिलेली निमेरिया पुढे रानातल्या साध्या लांडग्यांच्या मोठ्या कळपाची म्होरकी होते. कल्पना येते ती आकारात आणि मनात. आकार घोड्याच्या जवळ जाणारा आणि काही माणसांना लांडग्याच्या मनात शिरून त्याच्या डोळ्यांनी जग पाहण्याची शक्ती. अशा माणसाला कथेत ‘वॉर्ग’ म्हणतात.

‘वॉर्ग’ हा शब्द आला कुठून?

उत्तरेकडचा भयंकर लांडगा ही कल्पना मार्टिन यांच्या आधीची आहे. प्राचीन नॉर्स भाषेत ‘वर्गर’ या शब्दाचा अर्थ लांडगा असा होता आणि समाजाने बहिष्कृत केलेला गुन्हेगार असाही होता. स्कँडिनेव्हियातल्या पुराणकथांमध्ये लोकीचा मुलगा फेनरिर हा राक्षसी लांडगा जगाच्या अंतकाळी ओडिन या मुख्य देवालाच गिळतो. जे. आर. आर. टॉल्किन यांनी १९३७च्या ‘द हॉबिट’मध्ये ‘वॉर्ग’ नावाचे दुष्ट लांडगे आणले, ते याच परंपरेतून.

मार्टिन यांनी यात महत्त्वाचा बदल केला. त्यांचा लांडगा दुष्ट नाही. तो घराण्याचा रक्षक आहे आणि बहुतेक वेळा माणसांच्या क्रौर्याचा बळी आहे. राजपुत्राला चावते निमेरिया, पण शिक्षा म्हणून मारली जाते निरपराध लेडी. ग्रे विंड त्याच्या मालकासोबत एका लग्नसमारंभातल्या कत्तलीत मारला जातो. लांडग्याविषयी युरोपात शेकडो वर्षे साठलेली भीती या कथेने काही प्रमाणात सहानुभूतीत बदलली.

या सहानुभूतीचा एक उलटा परिणामही दिसला. मालिकेतली पिल्ले म्हणून सुरुवातीला लांडग्यासारखी दिसणारी कुत्री वापरली गेली होती. पुढे खऱ्या लांडग्यांचे चित्रण करून संगणकाच्या मदतीने त्यांचा आकार वाढवण्यात आला. पडद्यावरचे रूप पाहून अनेकांनी हस्की जातीची कुत्री घेतली आणि ती सांभाळता न आल्याने सोडून दिली. मालिकेत टिरियनची भूमिका करणारे पीटर डिंकलेज यांना २०१७मध्ये ‘पेटा’ या संस्थेबरोबर चाहत्यांना आवाहन करावे लागले, की केवळ डायर वूल्फसारखे दिसतात म्हणून हस्की विकत घेऊ नका.

खरा डायर वूल्फ कोण होता?

१८५४मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, ओहायो नदीकाठी एव्हान्सव्हिलजवळ एका मोठ्या लांडग्याच्या जबड्याचे जीवाश्म सापडले. जोसेफ लायडी या शास्त्रज्ञाने त्याचा अभ्यास केला. १८५८मध्ये त्याला ‘कॅनिस डायरस’ हे नाव मिळाले. लॅटिनमध्ये ‘डायरस’ म्हणजे भयंकर, अशुभसूचक. मार्टिन यांच्या कथेतले नाव याच शास्त्रीय नावाशी जोडलेले आहे.

या प्राण्याविषयीची सर्वाधिक माहिती लॉस एंजेलिस शहराच्या मध्यभागी असलेल्या ‘ला ब्रेआ’ या डांबराच्या कुंडांतून मिळाली. तिथे जमिनीतून नैसर्गिक डांबर वर झिरपते. त्यावर पालापाचोळा आणि धूळ साचली की ते साध्या जमिनीसारखे दिसते. एखादा घोडा किंवा गवा त्यात रुतला की त्याचा आवाज आणि पुढे कुजण्याचा वास शिकाऱ्यांना ओढून आणत असे आणि तेही अडकत. त्यामुळे तिथे सगळा क्रम उलटा झाला आहे. रानात भक्ष्य जास्त आणि शिकारी कमी असतात. डांबरात मात्र शिकाऱ्यांचीच हाडे जास्त सापडतात.

त्यातही पहिला क्रमांक डायर वूल्फचा लागतो. ला ब्रेआत चार हजारांहून अधिक डायर वूल्फचे अवशेष मिळाले आहेत. लांब सुळ्यांच्या प्रसिद्ध ‘सेबरटूथ’ मार्जारापेक्षाही ही संख्या मोठी आहे. तिथल्या संग्रहालयातल्या एका भिंतीवर या लांडग्याच्या ४०४ कवट्या ओळीने मांडलेल्या आहेत. एकाच ठिकाणी इतके प्राणी अडकावेत, यावरून ते एकेकटे नव्हे तर कळपाने शिकारीला येत असावेत, असे अभ्यासक मानतात.

तो घोड्याएवढा होता का?

नाही. हाडांवरून काढलेल्या अंदाजानुसार त्याचे सरासरी वजन ६० ते ६८ किलो होते. आजच्या अलास्का आणि कॅनडातल्या सर्वात मोठ्या लांडग्यांएवढे हे वजन भरते. म्हणजे पोनीशी त्याची तुलना होत नाही. फरक बांध्यात होता. डोके अधिक रुंद, दात मोठे आणि जबड्याची पकड अधिक जोरकस होती. पळून पळून भक्ष्य दमवण्याबरोबरच मोठे जनावर धरून ठेवण्यासाठी हा बांधा उपयोगी होता.

त्याचे खाद्यही तसेच मोठे होते. हाडांतल्या कार्बन आणि नायट्रोजनच्या समस्थानिकांवरून प्राण्याने आयुष्यात काय खाल्ले याचा माग काढता येतो. त्यातून हिमयुगातले घोडे, गवे, उंट, जमिनीवर राहणारे अजस्र स्लॉथ आणि हत्तीच्या कुळातले मॅस्टोडॉन यांची नावे पुढे येतात. हे सगळे प्राणी तेव्हा अमेरिकेत मुबलक होते.

कथा आणि वास्तव यांतला सर्वात मोठा फरक मात्र दिशेचा आहे. कथेतला डायर वूल्फ अतिउत्तरेचा, कायम बर्फात राहणारा आहे. खऱ्या डायर वूल्फची बहुतेक जीवाश्मे उत्तर अमेरिकेच्या मध्य आणि दक्षिण भागात, तसेच थेट दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हियापर्यंत सापडतात. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतापर्यंत त्याच्या खुणा आहेत, पण तो हिमप्रदेशाचा प्राणी म्हणून ओळखला जात नाही. कॅलिफोर्नियाच्या सौम्य हवेत त्याने हजारो वर्षे काढली. बर्फाळ उत्तरेकडून आलेला लांडगा वेगळाच. तो म्हणजे आजचा करडा लांडगा. आशिया आणि अमेरिका जोडणाऱ्या बेरिंगच्या भूपट्टीवरून तो उत्तर अमेरिकेत उतरला आणि डायर वूल्फचा शेजारी झाला.

तो लांडगाच होता का?

दीडशे वर्षे शास्त्रज्ञ त्याला करड्या लांडग्याचा थोराड भाऊबंद समजत होते. कारण हाडे तशीच दिसत. १३ जानेवारी २०२१ रोजी ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने हा समज मोडला. अँजेला पेरी आणि त्यांच्या अनेक देशांतल्या सहकाऱ्यांनी पाच डायर वूल्फच्या अवशेषांतून डीएनए मिळवला. हे अवशेष १३ हजार ते ५० हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे होते.

निष्कर्ष अनपेक्षित होता. डायर वूल्फ आणि आजच्या लांडग्यांच्या वंशरेषा सुमारे ५७ लाख वर्षांपूर्वीच वेगळ्या झाल्या होत्या. माणूस आणि चिंपँझी यांच्या वाटा वेगळ्या व्हायलाही साधारण इतकाच, साठ-सत्तर लाख वर्षांचा काळ मानला जातो. करडा लांडगा, कायोटी आणि कुत्रा यांच्यात आजही संकर होतो. पण हजारो वर्षे शेजारी राहूनही डायर वूल्फचा त्यांच्याशी संकर झाल्याचा पुरावा या अभ्यासात मिळाला नाही. म्हणून त्याला ‘कॅनिस’ या प्रजातीगटातून बाहेर काढून ‘एनोसायन डायरस’ हे १९१८मध्ये सुचवलेले जुने नाव पुन्हा वापरात आणावे, असे संशोधकांनी सुचवले. सारखी शिकार करणाऱ्या दोन प्राण्यांचे शरीर सारखे घडत जाते. वरवरचे साम्य हे अशा समान जगण्याचे फळ होते, जवळच्या नात्याचे नव्हे.

तो नामशेष का झाला?

हिमयुगाच्या शेवटी हवामान झपाट्याने बदलले, माणूस अमेरिकेत पसरला आणि मोठे शाकाहारी प्राणी एकामागून एक संपले. ज्याचे पोट घोडे आणि गव्यांवरच चालते, त्याला हा धक्का सोसत नाही. ला ब्रेआच्या जीवाश्मांचा बारकाईने काळ ठरवून २०२३मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने आणखी एक घटक पुढे आणला. सुमारे तेरा हजार वर्षांपूर्वी त्या भागात तापमानवाढ, कोरडेपणा आणि माणसांची वाढती संख्या एकत्र आली, वणवे प्रचंड वाढले आणि त्याच काळात डायर वूल्फसह मोठे प्राणी तिथून नाहीसे झाले.

यातला खरा धडा जो वाचला त्याच्याकडे पाहून कळतो. कायोटी हा कोल्ह्याहून मोठा आणि लांडग्याहून लहान प्राणी याच डांबरात सापडतो आणि तो आजही लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर हिंडतो. उंदरापासून फळांपर्यंत आणि कचऱ्यापर्यंत जे मिळेल ते तो खातो. करडा लांडगाही तग धरून राहिला. जो सर्वात बलवान होता तो गेला आणि ज्याला जुळवून घेता आले तो उरला.

मग २०२५मध्ये काय घडले?

टेक्सासमधल्या डॅलस येथील ‘कोलोसल बायोसायन्सेस’ ही कंपनी २०२१मध्ये उद्योजक बेन लॅम आणि हार्वर्डचे जनुकशास्त्रज्ञ जॉर्ज चर्च यांनी सुरू केली. केसाळ मॅमथ, डोडो आणि टास्मानियन वाघ परत आणण्याच्या घोषणा तिने केल्या आहेत. ७ एप्रिल २०२५ रोजी तिने जाहीर केले, की जगातला पहिला ‘पुनरुज्जीवित’ प्राणी म्हणजे डायर वूल्फ तयार आहे. रोम्युलस आणि रीमस हे दोन नर १ ऑक्टोबर २०२४ रोजी जन्मले. खलिसी ही मादी ३० जानेवारी २०२५ रोजी जन्मली. पहिली दोन नावे रोमन दंतकथेतली आहेत. रोम वसवणाऱ्या या जुळ्या भावांना लांडगीने दूध पाजले होते. तिसरे नाव थेट ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधले आहे. मार्टिन स्वतः या कंपनीचे सल्लागार आणि गुंतवणूकदार आहेत. मालिकेतल्या लोखंडी सिंहासनावर बसवलेल्या पिल्लांचे छायाचित्रही कंपनीने प्रसिद्ध केले.

प्रक्रिया काय होती?

पहिली पायरी डीएनए वाचण्याची. ओहायोत सापडलेला १३ हजार वर्षांपूर्वीचा एक दात आणि आयडाहोत सापडलेल्या ७२ हजार वर्षांपूर्वीच्या कवटीतले कानाजवळचे हाड यांतून डायर वूल्फचा जनुकसंच जुळवण्यात आला. हजारो वर्षांत डीएनएचे बारीक तुकडे झालेले असतात. त्यामुळे तो वाचता येतो, पण त्यापासून थेट प्राणी तयार करता येत नाही.

म्हणून दुसऱ्या पायरीत जिवंत करड्या लांडग्याच्या रक्तातून पेशी घेतल्या गेल्या. ‘क्रिस्पर’ या जनुकीय कात्रीच्या तंत्राने त्यांच्या १४ जनुकांमध्ये २० बदल करण्यात आले. आकार, डोक्याची ठेवण, दात, केसांची लांबी आणि रंग यांच्याशी संबंधित हे बदल आहेत. या २० पैकी १५ बदल डायर वूल्फच्या डीएनएमध्ये सापडलेल्या रूपांवरून घेतले आहेत. उरलेले पाच बदल अन्य मार्गाने फिका रंग आणण्यासाठी केले. कारण डायर वूल्फची रंगाशी संबंधित मूळ रूपे करड्या लांडग्यात घातल्यास बहिरेपणा आणि अंधत्वाचा धोका होता.

तिसऱ्या पायरीत बदललेल्या पेशीचे केंद्रक पाळीव कुत्रीच्या बीजांडात ठेवून भ्रूण तयार केले गेले आणि ते कुत्र्यांच्या गर्भाशयात वाढवले. ‘डॉली’ मेंढीसाठी वापरलेल्या क्लोनिंगचीच ही पद्धत आहे. पिल्ले शस्त्रक्रियेने जन्माला आली. सहा महिन्यांत नरांचे वजन सुमारे ३६ किलो झाले. दोन हजार एकरांच्या, कुंपण घातलेल्या आणि ठिकाण गुप्त ठेवलेल्या जागेत त्यांचा सांभाळ होतो.

ही पिल्ले डायर वूल्फ आहेत का?

इथे आकडेच बोलतात. कंपनीच्या म्हणण्यानुसार डायर वूल्फ आणि करडा लांडगा यांचा जनुकसंच ९९.५ टक्के सारखा आहे. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण लांडग्याच्या जनुकसंचात सुमारे २४० कोटी अक्षरे असतात. त्यांचा अर्धा टक्का म्हणजे जवळपास एक कोटी वीस लाख फरक. त्यांतले बदलले गेले वीस. म्हणूनच अनेक शास्त्रज्ञांच्या मते ही पिल्ले म्हणजे जनुकीय बदल केलेले करडे लांडगे आहेत.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ अर्थात ‘आययूसीएन’च्या श्वानकुळ तज्ज्ञ गटानेही एप्रिल २०२५मध्ये हीच भूमिका घेतली. ही तीन पिल्ले डायर वूल्फ नाहीत आणि परिसंस्थेतली त्याची जागा भरून काढणारे पर्यायी प्राणीही नाहीत, असे या गटाने स्पष्ट केले. कंपनीच्या मुख्य शास्त्रज्ञ बेथ शापिरो यांची बाजू अशी, की प्रजाती ही माणसाने केलेली वर्गवारी आहे आणि जो प्राणी डायर वूल्फसारखा दिसतो त्याला त्या नावाने ओळखायला हरकत नाही. मात्र नामशेष प्राण्याची हुबेहूब प्रत परत आणणे शक्य नाही आणि ही पिल्ले वीस बदल केलेले करडे लांडगे आहेत, हे त्यांनीही नंतर मान्य केले.

जनुकांपलीकडेही प्रश्न आहेत. शिकार कशी करायची, कळपात कोणाचे ऐकायचे, कोणता वास धोक्याचा, हे लांडगा आई-वडिलांकडून आणि कळपाकडून शिकतो. डायर वूल्फला शिकवणारा कळप तेरा हजार वर्षांपूर्वीच संपला. तो ज्या घोड्यांवर आणि स्लॉथवर जगत होता, तेही राहिलेले नाहीत. वागणे डीएनएमधून उतरवून घेता येत नाही आणि परिसंस्था प्रयोगशाळेत वाढत नाही.

मग या प्रयोगाचा उपयोग काय?

प्रयोग खोटा आहे, असे त्याचे टीकाकारही म्हणत नाहीत. एकाच पेशीत इतके बदल करून निरोगी प्राणी जन्माला घालणे ही तंत्रज्ञानातली मोठी मजल आहे. साध्या रक्तनमुन्यातून क्लोनिंगयोग्य पेशी मिळवण्याची पद्धत तर अस्तित्व धोक्यात असलेल्या प्राण्यांसाठी थेट उपयोगी ठरू शकते. अमेरिकेतला तांबडा लांडगा आज रानात अगदी मोजक्या संख्येने उरला आहे आणि उरलेले प्राणी एकमेकांचे जवळचे नातलग आहेत. अशा ठिकाणी हरवलेली जनुकीय विविधता परत आणण्यासाठी हे तंत्र वापरता येईल. कंपनीने तांबड्या लांडग्याशी नाते असलेल्या प्राण्यांचे क्लोनिंगही केले आहे.

अडचण आहे ती दाव्यातून निघणाऱ्या अर्थाची. पिल्लांची घोषणा झाली त्याच दिवशी अमेरिकेचे अंतर्गत व्यवहारमंत्री डग बर्गम यांनी तिचे स्वागत केले आणि प्रजाती संवर्धनाकडे पाहण्याची दृष्टी मुळातून बदलण्याची वेळ आल्याचे म्हटले. संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीपेक्षा नवतंत्रज्ञानावर भर द्यावा, असा त्याचा रोख होता. अमेरिकेत १९७३पासून संकटग्रस्त प्रजाती कायदा आहे. त्याच्याच संरक्षणाखाली १९९५ आणि १९९६मध्ये कॅनडातून ३१ करडे लांडगे आणून यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात सोडण्यात आले आणि तिथे लांडगा पुन्हा रुजला. त्या प्रयोगात एकाही जनुकाला हात लावावा लागला नाही. जागा, भक्ष्य आणि कायदा एवढेच पुरले.

संपलेला प्राणी हवा तेव्हा परत आणता येतो, असा समज रुजला तर जिवंत प्राण्यासाठी जंगल राखायचे कशाला, असा प्रश्न राज्यकर्ते विचारू लागतील, ही संवर्धन क्षेत्रातली भीती यातूनच आली आहे.

महाराष्ट्राशी याचा काय संबंध?

रोम्युलस, रीमस आणि खलिसी ज्या प्रजातीची पिल्ले आहेत, ती म्हणजे करडा लांडगा, ‘कॅनिस लुपस’. त्याच प्रजातीचा भारतीय लांडगा पुणे, सोलापूर, अहिल्यानगरच्या माळरानांवर आजही आहे. सोलापूरजवळचे नान्नज आणि पुणे जिल्ह्यातले मयूरेश्वर अभयारण्य ही त्याला पाहण्याची ओळखीची ठिकाणे. अंगाने तो उत्तरेकडच्या लांडग्यांपेक्षा बराच सडपातळ आहे. मात्र जनुकीय अभ्यासांनुसार करड्या लांडग्यांच्या सर्वात प्राचीन वंशरेषांपैकी एक त्याची आहे. देशात त्यांची संख्या सुमारे तीन हजार असल्याचा अंदाज आहे, म्हणजे वाघांपेक्षा कमीच.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याला स्थान आहे. पण तो राहतो ती माळराने सरकारी कागदांवर अनेकदा ‘पडीक जमीन’ ठरतात. तिथे रस्ते, वसाहती, कारखाने आणि शेती येते. धनगरांचे कळप आणि लांडगा यांचे शतकानुशतकांचे ताणाचे पण सवयीचे नाते त्यामुळे अधिक अवघड होते. भटक्या कुत्र्यांकडून त्याला रोग होतात. पुणे परिसरात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचे जनुकीय चाचणीतूनही सिद्ध झाले आहे. म्हणजे डायर वूल्फने हजारो वर्षांत जे होऊ दिले नाही, ते भारतीय लांडग्याच्या बाबतीत माळरान आटल्यामुळे होऊ लागले आहे.

पुढे काय?

तीन पिल्ले कुंपणाआड वाढतील आणि त्यांना रानात सोडण्याचा कंपनीचा विचार नाही. त्यांच्यापासून जनुकांविषयी बरेच शिकता येईल. पण नामशेष होणे म्हणजे कायमचे जाणे, हा नियम त्यांच्यामुळे बदललेला नाही. डायर वूल्फच्या डीएनएचे तुकडे जुळवायला दोन मोठ्या खंडांवर पसरलेल्या प्राण्याचा एक दात आणि एक हाड हाताशी होते. भारतीय लांडग्यासाठी अजून माळरान आहे, भक्ष्य आहे आणि पिल्लांना शिकार शिकवणारे कळप आहेत. ते तसेच राहू देणे प्रयोगशाळेतल्या कोणत्याही प्रयोगापेक्षा स्वस्त आणि खात्रीचे आहे.